दारावरची फुली

२५ जानेवारी २००८. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे पालक आले. घरची मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन नुकतीच परतली होती. मुलाच्या अंगात ताप होता, त्याच दिवशी पुरळ उठलं होतं. गोवराची लस त्याला दिलेलीच नव्हती. आईवडिलांना ती नको होती. त्या दिवशी त्याच दवाखान्यात आलेल्या आणखी चार मुलांना पुढे गोवर झाला. त्यांतली तिघं एका वर्षाच्याही आतली होती, म्हणजे तिथल्या वेळापत्रकाप्रमाणे लस घेण्याएवढी मोठीच झालेली नव्हती. एकाला अंगातलं पाणी कमी झालं म्हणून दोन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. दुसरं एक बाळ संसर्गाच्या ऐन दिवसांत आईवडिलांबरोबर विमानाने हवाईला गेलं.

रोगी उठून गेला तरी गोवराचा विषाणू त्या खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. तेव्हा ती बाळं त्या मुलाच्या शेजारीच बसली असतील असंही नाही. बाकड्यावरची जागा रिकामी झाल्यावर कुणी आलं असेल, बाळाला मांडीवर घेतलं असेल, इतकंच.

लस नाकारणाऱ्या कुटुंबांना डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात घेऊ नये असं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट पुरावा हा आहे, आणि तो मला कधीही हसण्यावारी नेता आलेला नाही. ज्यांनी काही नाकारलं नव्हतं, त्यांच्या तान्ह्या बाळांनी दुसऱ्याच्या नकाराची किंमत मोजली. तीही डॉक्टरच्या दारात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना. २००५ साली तिचं म्हणणं होतं की केवळ लस नाकारली म्हणून कुटुंबाला काढून टाकणं शक्यतो टाळावं. २०१६ साली तिने भूमिका बदलली: समजावून पाहिलं, तरी पालक ऐकत नसतील, तर त्यांना दुसरा डॉक्टर शोधायला सांगणं हा मान्य होण्याजोगा पर्याय आहे. डॉक्टर संघटनेच्या पुढेच होते. असं नेहमी करणारे बालरोगतज्ज्ञ २००६ साली सुमारे ६ टक्के होते, २०१३ साली १२ टक्क्यांच्या आसपास झाले. २०१९ च्या एका पाहणीत तर निम्म्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, की सगळ्याच लसी नाकारणाऱ्यांना न ठेवण्याचा आमच्या दवाखान्याचा नियम आहे.

त्या डॉक्टरांचा वैताग मला समजतो. दहा-पंधरा मिनिटांच्या भेटीत १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या आणि २०१० साली मागे घेतलेल्या, गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणाऱ्या, अवघ्या बारा मुलांवरच्या त्या लेखाचं भूत पुन्हा पुन्हा उतरवत बसायचं, म्हणजे माणूस थकणारच. कडक नियम लावला की अर्धवट मनाचे पालक मुकाट्याने दंड पुढे करतात, असंही ते सांगतात. ते खरं असावं. पण असा पालक थोडा वेळ दिला असता तरी तयार झालाच असता की काय, ही माझी शंका काही जात नाही.

माझं अडतं ते पुढे. घालवून दिलेलं पोर जातं कुठे? त्याला ताप यायचा थांबत नाही, कान दुखायचा थांबत नाही. ते जातं गावातल्या त्या एका डॉक्टरकडे, जो कुणालाच नाही म्हणत नाही. मग शहरभरची बिनलसीची मुलं त्या एका दवाखान्यात गोळा होतात. गोवराला याहून सोयीची जागा कुठली? आपला दवाखाना निर्धोक करताना आपण दुसऱ्याच्या दवाखान्यात सरपण रचतो. आणि असा डॉक्टरही सापडला नाही, तर वैद्यकाबाहेरचं कुणीतरी सापडतंच. २०२५ साली पश्चिम टेक्सासमध्ये गोवराची साथ आली. राज्यात ७६२ रुग्ण नोंदले गेले, लस न घेतलेली दोन मुलं दगावली. त्या साथीत लबक शहराच्या इस्पितळात अशीही मुलं आली, ज्यांच्या यकृतावर अ जीवनसत्त्वाच्या भरमसाट डोसांचा परिणाम दिसत होता. त्यांना कुणी डॉक्टरने हाकललं होतं असं मी म्हणत नाही. पण डॉक्टर आणि कुटुंब यांच्यात बोलणं उरलं नाही, की मधली जागा कोण भरतं, ते तिथे दिसलं.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात उभाच राहत नाही. इथे खासगी दवाखान्यातला वाद बहुतेक वेळा 'दुखरी लस की बिनदुखरी' एवढाच असतो, आणि डॉक्टर आवडला नाही तर पुढच्या चौकात दुसरा असतो. २०२२ साली मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा कोव्हिडच्या काळात राहून गेलेले डोस, सतत बदलणारी घरं आणि काही घरांतला नकार, हे सगळं एकात एक मिसळलेलं होतं. मागच्या लसीनंतर पोराला दोन रात्री ताप आला, बापाचा रोज बुडाला, म्हणून पुढची लस राहिली. याला नकार म्हणायचं की नाही? पालिकेच्या बायका दारोदार फिरल्या. 'तुम्ही आमच्याकडे येऊ नका' असं म्हणण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

पल्स पोलिओची माणसं घराच्या भिंतीवर खडूने खूण करत. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी पी, एखादं राहिलं असेल किंवा घरच्यांनी नको म्हटलं असेल तर फुली. मराठीत एखाद्यावर फुली मारली की तो कटाप. पोलिओवाल्यांच्या हिशेबात मात्र फुलीचा अर्थ बरोबर उलटा होता: इथे परत यायचं आहे. फुल्यांच्या घरांची वेगळी यादी निघे आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला मोहल्ल्यातलं कुणी वजनदार माणूस सोबत घेतलं जाई. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही. त्यामागे बऱ्याच गोष्टी आहेत, पण ही चिवट फुली त्यांत आहे.

तरीही सॅन दिएगोच्या त्या बाळांना उत्तर द्यावं लागतंच. ते उत्तर दवाखान्याच्या रचनेत आहे. माझ्या ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दारावर कागद चिकटवलेला आहे: 'ताप आणि पुरळ असल्यास आत येऊ नये, बेल वाजवावी.' बेल वाजली की कंपाउंडर मागच्या जिन्याने थेट वेगळ्या खोलीत नेतो. पुरळ आलेल्या प्रत्येकाला, लस घेतलेली असो वा नसो. लस नको म्हणणाऱ्या चार-सहा कुटुंबांना ते दिवसातली शेवटची वेळ देतात. त्यात त्यांचं जेवण थंड होतं आणि घरी बोलणी बसतात, हेही त्यांनीच सांगितलं.

बाकीच्या मुलांच्या कार्डावर पुढच्या लसीची तारीख ते पेनाने लिहितात. या मुलांच्या कार्डावर पेन्सिलने. एका कार्डावर गोवराच्या रकान्यात चार तारखा खोडरबराने पुसल्याचे डाग होते, आणि त्यांच्यावर पाचवी लिहिलेली होती.