पडद्यापुढील अश्रू

जें घडलेंच नाहीं त्यासाठीं रडावें, यांत कांहीं पुण्य आहे काय? प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन यानें आपल्या आत्मनिवेदनांत तो उपस्थित केला: रंगभूमीवरील दुःख पाहून प्रेक्षक हळहळतो, पण साहाय्यास धांवून जाण्याची जबाबदारी त्याजवर नसते, मग ही दया कसली? आमच्या घरांतील वडील मंडळींनीं ऑगस्टीन वाचला नव्हता. तरी सिनेमा पाहून डोळे पुसणाऱ्या मुलांस "फुकटचें रडणें" म्हणून ती हिणवीत, तें याच न्यायानें.

पुण्यांतील अप्पा बळवंत चौकाजवळचें 'प्रभात' हें आमच्या बालपणाचें चित्रगृह. तें १९३४ सालीं उघडलें. जागा किबे यांची. २०१४ च्या अखेरीस तें त्यांजकडे परत गेलें, आणि 'किबे लक्ष्मी' हें नांव त्यावर चढलें. तेथें एका सकाळच्या खेळास आम्हीं 'श्यामची आई' पाहिला. अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ चा, आमच्या जन्मापूर्वींचा. १९५४ सालीं राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक त्याला मिळालें, याची आम्हां मुलांस वार्ताहि नव्हती. आई गेली तेव्हां खालून हुंदके ऐकूं आले आणि बाल्कनींतील सुशिक्षित मंडळी घसा खाकरूं लागली. (मध्यमवर्गाचें रडें बहुधा घशांतच अडतें.) आमच्या शेजारीं टोपी घातलेले एक अनोळखी गृहस्थ होते. त्यांनीं स्वतःचे डोळे तसेच ठेवून आपला रुमाल आमच्यापुढें धरला.

आमच्या मतें ऑगस्टीनच्या हिशेबांतून सुटतो तो हा रुमाल. भट्टनायकानें ज्याला साधारणीकरण म्हटलें त्या अवस्थेंत दुःख ना आपलें राहतें, ना परक्याचें. परंतु शास्त्रकार सहृदयाविषयीं बोलतात तें तो जणूं एकटाच बसला आहे असें समजून. चित्रगृहांत तो एकटा नसे. पडद्यावरील आईस कोणी वांचवूं शकत नव्हतें हें खरें. शेजारचें मूल मात्र हाताच्या अंतरावर होतें.

याचा अर्थ तीं माणसें बाहेर पडतांच साधु होत असा नव्हे. सायकली काढतांना तींच एकमेकांच्या अंगावर जात, आणि फाटकापाशीं बसलेल्या भिकाऱ्याच्या वाडग्यांत फारसें कांहीं पडत नसे. ऑगस्टीनचा आक्षेप तेवढ्यापुरता उभाच राहतो, आणि तो खोडून काढण्याचा आमचा आग्रहहि नाहीं.

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें हाच चित्रपट फोनवर पाहिला. कसा वाटला असें विचारतां म्हणाला, "चांगला आहे सर, शेवटचा भाग जरा पुढें ढकलला." मुलगा कोमल मनाचा आहे, पाहवेना, म्हणूनच त्यानें तसें केलें. 'प्रभात'मध्यें ही सोय कोणासच नव्हती. यंत्रघरांतला माणूस रीळ संपेपर्यंत कोणाचें ऐकत नसे. तिकीट काढलें कीं आईच्या मरणापर्यंत बसावें लागे, आणि दिवे लागले तरी बराच वेळ कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नसे.