मोलकरणीची भूमिका

पोटासाठीं पत्करलेलें काम आणि त्या कामाचा जगावर होणारा परिणाम यांचा हिशेब एकाच वहींत मांडावा कीं निराळ्या, हा प्रश्न हॅटी मॅक्डॅनियल या अमेरिकन नटीच्या चरित्रानें आम्हांस पुनः पुनः पडतो. बाईंचा बाप जन्मानें गुलाम. अमेरिकेच्या यादवी युद्धांत तो सैनिक म्हणून लढला. त्याची ही लेक हॉलिवूडमध्यें आली तेव्हां कृष्णवर्णीय स्त्रीस तेथें बहुधा एकच वेष मिळे, तो मोलकरणीचा. बाईंनीं तो कित्येक बोलपटांत चढविला. १९३९ सालच्या ‘गॉन विथ द विंड’मधील मॅमी ही त्यांतलीच.

या भूमिकेबद्दल २९ फेब्रुवारी १९४० रोजीं त्यांना सहाय्यक नटीचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. हा मान मिळविणारी ही पहिलीच कृष्णवर्णीय व्यक्ति. परंतु समारंभाच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांस मज्जाव होता. बाईंस खास परवानगीनें आंत घेतलें आणि सहकलावंतांपासून दूर, निराळ्या मेजावर बसविलें!

यावर त्यांच्याच समाजांतून टीका झाली, ती मात्र वेगळी. धनिणीच्या सुखांत आपलें सुख मानणारी दासी वारंवार दिसली म्हणजे पाहणारास गुलामगिरीच गोड वाटूं लागते, असा तिचा आशय. हा आक्षेप खोटा नाहीं. ‘मी न केली असती तर दुसरीनें केली असती’ ही सबबही आम्ही मानीत नाहीं. त्या न्यायानें जगांतील कोणतेंही दुष्कृत्य क्षम्य ठरेल. कोणी म्हणेल, स्कार्लेटचे डाव ओळखून तिला तोंडावर सुनावणारी त्या घरांत मॅमीच आहे. खरें आहे. पण अपमानकारक भूमिका उत्तम वठली म्हणजे अपमान कमी होतो, कीं अधिकच मनोहर होतो?

तथापि जाब प्रथम कोणास विचारावा? भूमिका लिहिणारास, पैसा लावणारास, आणि तिकीट काढून हंसणारास. आम्हीही मनसोक्त हंसलों होतों. मॅमीला त्या कथेंत स्वतःचें नांवच नाहीं, हें खेळ संपून घरीं आल्यावरही आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. निवड करावयास दोन वाटा तरी लागतात. जिला एकच वाट मोकळी होती तिच्यावर सगळा दोष टाकणें हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

शिवाय त्या एप्रनच्या कमाईचें पुढें काय झालें तेंही पाहावें. बाईंनीं लॉस एंजेलिसच्या ‘शुगर हिल’ वस्तींत प्रशस्त घर घेतलें. हीं घरें गोऱ्यांखेरीज कोणास विकावयाचीं नाहींत अशा जुन्या करारावर बोट ठेवून कांहीं गोऱ्या शेजाऱ्यांनीं कोर्टांत धाव घेतली. पडद्यावर ‘होय, बाईसाहेब’ म्हणणारी ही स्त्री तेथें हटली नाहीं. इतर कृष्णवर्णीय घरमालकांसह ती लढली, आणि १९४५ सालीं दावा जिंकली.

१९५२ सालीं बाई वारल्या. हॉलिवूडच्या दफनभूमींत विसांवा मिळावा ही त्यांची इच्छा होती. वर्णामुळें तेथें जागा नाकारली गेली. १९९९ सालीं त्याच दफनभूमींत त्यांच्या नांवाचें स्मारक उभें राहिलें. देह मात्र आहे तेथेंच, दुसऱ्या दफनभूमींत आहे.