दागिन्याला सेल लागतो काय?

दागिना नेमका कुणासाठी असतो? घालणारीला आपल्याच गळ्यातला हार आरशाशिवाय दिसत नाही. दिसतो तो शेजारणीला. म्हणजे पैसे आपण मोजायचे आणि बघायचं तिनं!

आमच्या नेवाशाच्या घरात हा प्रश्न निघाला तो पुतणीमुळे. दिवाळीला पुण्याहून येताना तिनं आजीसाठी स्वतः केलेलं, उजेड पडणारं पदक आणलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली ‘फॅब लॅब’ निघाली, ती अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकारानं. आता तसल्या कार्यशाळा ठिकठिकाणी आहेत. संगणकावर नक्षी काढायची, लेसर यंत्राकडून ती अॅक्रिलिकच्या चकतीवर कोरून घ्यायची आणि कडेला एलईडीचा चिमुकला दिवा अन् कोटाच्या बटणाएवढा तीन व्होल्टचा सेल बसवायचा. प्रकाश चकतीच्या आतल्या आत धडका देत फिरतो आणि जिथं ओरखडा असेल तिथूनच बाहेर पडतो.

“ओरखड्यातून उजेड पडत असता,” मी हिच्याकडे न बघता म्हणालो, “तर एव्हाना आमच्या संसाराची पेट्रोमॅक्स झाली असती.”

आईनं पदक तळहातावर तोललं. “अडीनडीला सोनार ह्याचे काय देईल?”

“काहीच नाही, आजी.”

“मग हा दागिना कसला? ही तर बॅटरी!”

मुद्दा बिनतोड. जो मोडता येत नाही, गहाण पडत नाही, तो दागिना कसा? पण आमच्या गावच्या मातीचं म्हणणं वेगळं आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी १९५४ पासून नेवाशाला उत्खनन केलं. इथल्या ताम्रपाषाण काळातल्या थरांत एका लहान मुलाचा सांगाडा मिळाला. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आणि ती ओवलेल्या दोऱ्यात चक्क रेशीम!

तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ती माळ कुणीतरी त्या गळ्यात राहू दिली. तांबं तेव्हा काही उकिरड्यावर पडलेलं नव्हतं. काढून घेतली असती तर कुणी नावं ठेवली नसती. जमिनीखाली ना आरसा, ना शेजारीण, ना सोनार. तरी राहू दिली. बघणाऱ्याचा आणि घालणाऱ्याचा हिशेब आपण करतो. घालून देणाऱ्याचा हात मात्र विसरतो.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. पदक मात्र गळ्यात घातलं, पदराखाली झाकलं आणि पुतणीला विचारलं, “ह्याचा सेल नेवाशात मिळतो ना गं?”