संघ आपला, खेळाडू नावडता

संघ आपला आहे, पण त्यातील एखादा गुणी खेळाडू आपल्या मनास रुचत नाही. अशा वेळी त्याजवर प्रेम करणे हे चाहत्याचे कर्तव्य ठरते काय? प्रश्न वरवर पोरकट दिसतो, परंतु त्याचा शोध घेत गेल्यास तो मैदानाच्या बराच बाहेर नेतो.

आवड ही आज्ञेने उत्पन्न होत नाही. एखाद्याच्या धावा पुष्कळ असूनही मन त्याजकडे ओढ घेत नाही. एखाद्याची वागणूक उद्धट असते व ती खटकते. यात आम्हांस दोष दिसत नाही. रावणाच्या विद्वत्तेविषयी आपल्या कथाकारांनी शंका घेतली नाही, आणि त्या विद्वत्तेपायी त्याजवर प्रेम करा असेही कोणास सांगितले नाही. तेव्हा प्रेमाची सक्ती येथेच सोडून देऊ. खरा विचार पुढचाच आहे: प्रेम नसले तरी देणे काय लागतो?

बडोद्याच्या संघातून पुढे आलेले हार्दिक पंड्या यांचे उदाहरण ताजे आहे. रोहित शर्मा यांच्या नेतृत्वाखाली मुंबई इंडियन्सने पाच वेळा आयपीएलचे अजिंक्यपद मिळविले होते. डिसेंबर 2023 मध्ये त्यांच्या जागी पंड्या यांस कर्णधार नेमण्यात आले. हा निर्णय चालकांचा. परंतु एप्रिल 2024 मध्ये वानखेडे मैदानावर मुंबईच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडविली ती पंड्यांची. पुढे 29 जून रोजी ब्रिजटाऊन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेस शेवटच्या षटकात 16 धावा हव्या असता चेंडू त्यांच्याच हाती देण्यात आला, व भारताने सामना 7 धावांनी जिंकला. 4 जुलै रोजी त्याच वानखेडेवर त्यांच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत मनुष्य बदलला नव्हता. एप्रिलमधील नावड आम्ही क्षम्य मानू. जुलैमधील प्रेमाविषयी मात्र आमचे मन साशंक आहे. ते विजयावरचे प्रेम होते, आणि पंड्या त्याचे तात्पुरते धनी झाले.

याहून कठीण उदाहरण आपल्या जवळचे आहे, आणि ते आपणां हिंदूंस विशेष झोंबणारे आहे. पालवणकर बाळू यांचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुळातला. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर ते मैदानाची निगा राखीत व साहेबांस सरावासाठी गोलंदाजी करीत. त्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली तेव्हा, साहेबांवर मात करावयाची म्हणून, पुण्याच्या हिंदूंनी त्यांस आपल्या संघात घेतले. घेतले खरे, पण चहाच्या वेळी इतरांस चिनी मातीचे पेले, आणि बाळूंस मंडपाबाहेर साधे मातीचे भांडे. ज्या चेंडूस त्यांचा हात लागे तोच सर्वांच्या हाती फिरे, त्याचा विटाळ कोणास झाला नाही! 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले.

येथे नावडीचा प्रश्नच नव्हता, हे ध्यानी घ्यावे. प्रेक्षक बाळूंवर लुब्ध होते. त्यांनी बळी घेतला की टाळ्या पडत. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास रीतसर कधी आले नाही. म्हणजे आवड भरपूर असूनही देणे थकलेलेच राहिले. उलट, ज्याला बाळूंचा खेळ मुळीच रुचला नसेल, पण ज्याने त्यांस आपल्या पंक्तीस बसविले असेल, असा एखादा रुक्ष गृहस्थ आम्हांस त्या टाळ्यांपेक्षा थोर वाटला असता. असा कोणी होता की नव्हता, कोण जाणे.

म्हणून आम्हांस असे वाटते की चाहत्याने आपल्या मनातील प्रीती-अप्रीती खुशाल बाळगावी. परंतु ज्याचे श्रम आपण आपले म्हणून मिरवितो, त्याचे स्थानही त्यास आपले म्हणून द्यावे लागते: पंगतीतले, मानाचे, आणि योग्यता असेल तर नेतृत्वाचे. चुकल्यावर टीका करण्याचा हक्क याने जात नाही; फक्त ती टीका आपल्या माणसावरची असावी.

बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांस हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले ते 1923 साली. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला. तोवर बाळूंची उमेदीची वर्षे सरून गेली होती.