मॅटखालचा गंज



आपल्या चर्चच्या जुन्या पिकअपमधले रबरी मॅट परवा आम्ही उचलले, तर खाली रस्ता दिसला! दरवाजाच्या फाटक्या रबरातून पावसाचे पाणी मॅटखाली मुरत होते; वरून मात्र सारे स्वच्छ. ‘गंजावरच पत्रा मारा,’ आम्ही म्हणालो. (खर्चाचा विचार, दुसरे काय?) वेल्डर ऐकेना. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, भोकच मोठे होते. चांगले लोखंड लागेपर्यंत कापावे लागते. मग नवा पत्रा, झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर. आणि दरवाजाचे रबरही बदलायचे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

उपवासकाळात आपण पापनिवेदनाला जातो, वरवरचे सांगून उठतो. जमिनीच्या तुकड्यावरून सख्ख्या भावाशी धरलेला अबोला मॅटखालीच राहतो. या आठवड्यात आधी त्याच्या दारी जाऊ या.