टायरवरचा फुगा आणि 'देवाची करणी'

मागच्या महिन्यात भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी साताऱ्याहून सांगलीला जायचे होते. आदल्या संध्याकाळी गाडी धुताना पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवर दोन खुणा दिसल्या. एक वीतभर ओरखडा, फुटपाथच्या कडेला घासल्याचा. दुसरा सुपारीएवढा फुगवटा. ओरखडा पाहून मी चरकलो, फुगवट्याला मात्र "एवढ्याने काय होते?" म्हणून सोडून दिले. खरे सांगायचे तर महिनाअखेर होती आणि नव्या टायरची किंमत डोळ्यांपुढे होती.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने ओरखड्यावरून नख फिरवले. "हे वरचे रबर सोलले आहे, आतला धागा दिसत नाही. खुशाल चालवा. पण हा फुगा घेऊन पेठ नाक्यापर्यंतसुद्धा जाऊ नका."

त्याने समजावले ते असे. रस्त्याला टेकणाऱ्या भागात जाड रबर असते आणि त्याखाली पोलादी तारांचे पट्टे. बाजूला मात्र पातळ रबर आणि धाग्यांचे अस्तर, एवढेच. हवेचा सारा दाब ते धागे पेलतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो भाग दबतो व सुटतो. गाडी खड्ड्यात आदळली की आतले धागे तुटतात, बाहेर रबर जसेच्या तसे राहते, आणि तुटल्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. तो फुगा दुरुस्त होत नाही. उलट त्याच बाजूवर उभी, आत गेलेली खाच दिसली की लोक घाबरतात. ती बहुधा अस्तराच्या जोडाची असते आणि निरुपद्रवी असते. उन्हाने पडलेल्या केसासारख्या भेगांवर नजर ठेवावी, पण धागा किंवा तार दिसू लागली की टायर बदलायचाच. म्हणजे जखम केवढी दिसते यापेक्षा ती कुठे आहे आणि किती खोल आहे, हे पाहायचे.

आपल्या सदसद्विवेकबुद्धीचेही असेच होते. संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा येथे असताना, आधीच कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा कबूल करीत राहिले, तरी मनाला चैन पडेना. असा माणूस प्रत्येक ओरखड्याला फुगा समजतो. आपल्यातल्या बहुतेकांचा आजार याच्या उलटा आहे. माझी गंमत अशी की एकाच टायरवर मी दोन्ही चुका केल्या. ओरखड्याची भीती फुकटची होती. फुगवट्याबाबतचा धीर मात्र खिशाने दिलेला होता.

तरीही मी म्हटले असते, "माझी गाडी, माझा धोका." पण मागच्या सीटवर आई आणि दोन मुले बसणार होती. त्यांनी टायर पाहिलेला नव्हता. गाडीत बसणारा माणूस टायर पाहून बसत नाही, चालवणाऱ्याचे तोंड पाहून बसतो. आणि महामार्गावर समोरून दोन ट्रॉल्या ऊस ओढत येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला तर आमच्यापैकी कोणीच विचारले नव्हते.

टायर फुटला की आपण नशिबाला बोल लावतो. २०१० साली सहकाऱ्यांसोबत मोटारीने पुण्याहून मुंबईला निघालेला ३८ वर्षांचा एक गृहस्थ, चाक फुटून गाडी खोल खड्ड्यात गेल्याने दगावला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपये भरपाई दिली, तेव्हा विमा कंपनी अपिलात म्हणाली, टायर फुटणे ही 'देवाची करणी' आहे. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. हवा कमी किंवा जास्त असणे, भरधाव वेग, जुना टायर अशी कारणे असतात. प्रवासाआधी टायर पाहणे हे चालवणाऱ्याचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. आरशाला जपमाळ टांगून फिरणाऱ्या आपण सर्वांनी हा निकाल एकदा नीट समजून घ्यायला हवा. आपण पाहिले नाही त्याचा दोष देवाच्या नावावर लिहिला जातो, आणि तो काही अपिलात येत नाही. मंदिराच्या टोकावरून उडी घ्यायला प्रभूने नकार दिला होता, हे आपण उपवासकाळात ऐकतो. घाटात ते आठवत नाही.

टायर बदलला. बाप्तिस्मा झाला, बाळ अजिबात रडले नाही. खरी परीक्षा नंतर आली. जुने टायर घेणारा एक जण दारात आला आणि पाचशे रुपये देतो म्हणाला. नक्षी अजून चांगली होती. मी फुगा कुठे आहे ते दाखवू लागलो, पण जागा सापडेना. तो हसला. "हवा काढली की फुगा बसतो, साहेब. काळे पॉलिश मारले की कोणाला कळते?"

माझा मेव्हणाच असे जुने टायर घेऊन गाडी चालवतो. एखाद्याच्या पोटावर पाय येईल, पाचशे रुपये आपल्यालाही नको आहेत असे नाही, असे दोन्ही विचार मनात येऊन गेले. मग मी आतून सुरी आणली आणि त्याच्यासमोरच टायरच्या बाजूला उभा काप घातला. रबर वाटले होते त्याहून चिवट निघाले, पाच मिनिटे लागली. तो काही न बोलता निघून गेला. टायर अंगणात पडून आहे. धाकटीला त्यात झेंडू लावायचा आहे.