मुळांचें आतिथ्य

ज्याला कोणाची गरज नाहीं तो सुखी, असें आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकविण्यांत आलें आहे. आणि एकदां फसलेल्या गृहस्थाला तर आपण हेंच सांगतों, कीं बाबा, आतां कोणापुढें तोंड उघडूं नकोस. हा उपदेश कितपत खरा, हें पाहण्यास जोंधळ्याचें मूळ मला फार सोयीचें वाटतें.

जमिनींत स्फुरद कमी पडलें, म्हणजे हें मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नांवाचीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत बाहेर सोडतें. जवळच्या कवकाला ती हांकच होय. त्याच्या तंतूंना फांद्या फुटतात, ते मुळाशीं येतात, आणि मुळाच्या पेशी त्यांस आंत घेतात. कवकानें स्फुरद द्यावें, झाडानें साखर व स्निग्ध पदार्थ द्यावे, असा हा व्यवहार. हें आंत घेणें मात्र आपोआप होत नाहीं. त्यासाठीं झाडांत जनुकांचा एक संचच असतो. ‘सिमआरके’ हें त्यांपैकीं एक. तें बिघडलें, तर पाहुणा दाराशीं येतो आणि बाहेरच अडतो.

आतां अडचण अशी, कीं तीच हांक टारफुलाही ऐकतो. त्याचें धुळीसारखें बी वर्षानुवर्षें मातींत निपचित पडलेलें असतें. हांक लागतांच तें रुजतें, जोंधळ्याच्या मुळाला चिकटतें आणि त्याचा रस शोषूं लागतें. गंमत ही, कीं मनुष्यालाही हीं द्रव्यें प्रथम चोराच्या निमित्तानेंच कळलीं, १९६६ सालीं. मित्रासंबंधींचें त्यांचें काम जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें तें २००५ मध्यें.

मग दार लावून घ्यावें काय? मोहरी आणि कोबी यांच्या कुळानें तें लावलेलें आहे. त्या कुळांतून हीं जनुकें युगांच्या ओघांत नाहींशीं झालीं, आणि तरी मोहरी उत्तम पिकते. आमच्या उपदेशकांना हा पुरावा आवडेल, व तो मी नाकारीत नाहीं. पण मोहरीच्या पूर्वजांपाशीं तीं जनुकें होतीं, हेंही विसरूं नये. स्कॉटलंडांतील राइनी येथें सुमारें ४० कोटी वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचे अवशेष सांपडले आहेत. त्यांना खरीं मुळें नव्हतीं. कवक मात्र पेशींत शिरलेलें स्पष्ट दिसतें. म्हणजे घर बांधून होण्यापूर्वींच पाहुणा आलेला! ज्याला आपण झाडाचें स्वावलंबन म्हणतों, तें या सोबतींत वाढलेलें आहे. जनुकांना हेतु नसतो, तेव्हां त्यांच्यापासून थेट नीति काढणें धाडसाचें, हें मी जाणतों. परंतु आधीं ‘मी’ पुरा व्हावा आणि मग संबंध जोडावे, ही आपली समजूत निदान येथें टिकत नाहीं.

जोंधळ्याच्या कांहीं जातींना टारफुल्याचा उपद्रव कमी होतो. त्याचें कारण २०१७ मध्यें उघडकीस आलें. त्यांच्यांतील एक जनुक निकामी झालेलें असून त्यामुळें त्यांच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्याचें रूपच पालटलें आहे. या नव्या हांकेनें टारफुल्याचें बी क्वचितच जागें होतें. जोंधळ्यानें हांक सोडलेली नाहीं. तिचा सूर तेवढा बदलला आहे.